दळवीकाकांचा वीतभर डबा

दळवीकाकांबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही. चार चांगले शब्द त्यांच्या शोकसभेत बोलून झाले. सोसायटीच्या आवारात फायबरच्या खुर्च्या टाकून, ज्यांनी त्यांना जन्मभर नोटिसा पाठवल्या तेच बोलले. मी लिहितेय ते पेडणेकर साहेबांसाठी. ते अजून खणखणीत आहेत, मीरा रोडलाच नव्या टॉवरमध्ये राहतात आणि जे हाताला लागेल ते वाचून काढतात असं ऐकलंय. कुठून तरी हे त्यांच्या हाताला लागावं आणि सकाळच्या चहाबरोबर त्यांच्या घशात अडकावं, एवढीच माझी इच्छा आहे. पोरांना शिकवत आयुष्य घालवलेल्या बाईनं असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

दळवीकाका आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, आणि रेल्वेच्या कारखान्यात, जिथे डबे दुरुस्तीला येतात तिथे, रंगारी म्हणून आयुष्य काढलेले. खरे डबे रंगवून झाल्यावर माणूस निवृत्त होतो तर काय करतो? विश्रांती घेतो. हे घरी बसून छोटे डबे बनवायला लागले. खऱ्या डब्याच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, हे त्यांचं प्रमाण. त्या हिशेबानं प्रवासी डबा होतो वीतभर आणि मालगाडीची वाघीण, म्हणजे वॅगन, त्याच्या निम्मी. पत्र्याऐवजी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, पाइपांऐवजी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिली, दरवाजाचे दांडे म्हणजे डोकी छाटलेल्या टाचण्या. रंग मात्र खरा, ऑइलपेंटच, पण इतका पातळ केलेला की दुधात पाणी घालणाऱ्यालाही लाज वाटावी. एकावर एक सात हात द्यायचे. दोन हातांच्या मध्ये घासायला पाण्याचा कागद मारायचा, तोही एकाच दिशेनं.

"रंग जाड लावतो त्याला काहीतरी लपवायचं असतं," असं ते म्हणायचे. माणसांबद्दलही हेच म्हणायचे.

त्यांना एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची. आमच्याकडे चहाला आले की कप रिकामा झाल्याबरोबर पालथा. मी नवं कपाट घेतलं तेव्हा सगळा मजला कपाटाचा आरसा बघायला आला आणि हे माझ्या हॉलमध्ये फरशीवर उताणे, कपाटाखाली मान घालून. "वरून सगळेच बघतात, बाई," खालून आवाज आला. "खाली प्लाय भिजकं लावलंय तुम्हाला. उद्या परत करा." मी शाळेत शिकवायचे म्हणून ते मला बाईच म्हणत. कपाट मी परत केलं नाही. ते तीन वर्षांत फुगलं, तेव्हा येऊन नुसते बघून गेले. चेहऱ्यावर काय समाधान होतं.

आता त्यांचा मुख्य गुण सांगते. माणूस दीर्घद्वेषी होता. मी हे कौतुकानं म्हणतेय. आजकाल लोक भांडतात आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणतात. दळवीकाका असलं काही करत नसत. कारखान्यात बिघडलेल्या डब्याला 'सिक' म्हणतात, त्याच्यावर तशी चिठ्ठी मारतात आणि त्याला बाजूच्या रुळावर नेऊन उभा करतात. ती सिक लाइन. काकांच्या घरी खिडकीखालच्या फळीवर अशी एक सिक लाइन होती. सोसायटीत ज्यानं त्यांचं वाकडं केलं, त्याच्या नावानं एक वाघीण. वाघिणीवर नंबर असतो तिथे फ्लॅटचा नंबर, पांढऱ्या अक्षरांत, तांदळाच्या दाण्याएवढा. कोपऱ्यात सिकची चिठ्ठी. ए-१०२, बी-३०४, अशा नऊ होत्या.

त्यांतली एक माझी होती. झालं असं की त्यांनी ताजे रंगवलेले दोन डबे गॅलरीत वाळत ठेवले होते आणि मी शेजारच्या गॅलरीत सतरंजी झटकली. ओल्या रंगावर सगळी धूळ. त्यांनी डबे उचलून आत नेले. महिन्याभरानं साखर मागायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तर फळीवर माझ्या फ्लॅटचा नंबर. मी विचारलं, हे काय? काकू आतून म्हणाल्या, "तुम्हाला पण उभं केलंन काय? माझी सुद्धा होती हो. कुकरची वाफ गेली होती कुठल्याशा डब्यावर." मग मी शाळेतल्या सगळ्या सहकाऱ्यांकडून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. चांगल्या जाड, पिशवीभर. त्यांनी एकेक वाकवून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी माझी वाघीण फळीवरून उचलली. तिथून सुटणारी काकूंनंतर मीच.

ती माझी वाघीण त्यांनी मग मिठाची केली. भाईंदरच्या मिठागरांतून पूर्वी वाघिणीतून मीठ जायचं, आणि मिठाच्या वाघिणीला गंज कसा चढतो ते म्हणे बघण्यासारखं असतं, कडेनं नाही, आतून फुटून येतो. तो गंज दाखवायला त्यांनी आधी तांबूस रंग दिला, तो ओला असताना वर मीठ भुरभुरलं, मग वरचा करडा रंग, आणि वाळल्यावर मीठ ब्रशनं झाडून टाकलं. मिठाचा कण होता तिथे तिथे खालचा गंज उघडा. घरातलं पुडीतलं मीठ चालेना, फार बारीक. म्हणून बस पकडून मिठागरापर्यंत जाऊन खडे मीठ घेऊन आले आणि खलबत्त्यात हवं तेवढं जाडसर करून घेतलं. काकूंच्या खलबत्त्यात. त्यावरून चार दिवस काकूंनी त्यांना अळणी जेवायला घातलं. "आहे ना तुमच्याकडे खडे मीठ," म्हणाल्या. त्या घरात सगळेच तसे होते.

आमच्या सेक्रेटरींनी थिनरच्या वासाबद्दल त्यांना एकदा नोटीस काढली. इमारतीत घातक रसायनांचा उद्योग चालतो, वगैरे. काकांनी ती दुमडून खिशात ठेवली. पुढे पार्किंगच्या रेघा नव्यानं मारायच्या निघाल्या, तेव्हा हे आपणहून म्हणाले, मी फुकट मारून देतो. सगळ्यांना गहिवरून आलं. रेघा अशा मारल्या की फुटपट्टीनं ओढल्यासारख्या. फक्त सेक्रेटरींचा चौकोन दोन्ही बाजूंनी चार चार बोटं कमी. नुसतं बघून कळणार नाही, पण शेजारच्या गाड्या आपापल्या रेघेत लागल्या की सेक्रेटरींना दार जेमतेम अर्धं उघडायचं. बिचाऱ्यांना वाटलं आपलं पोट वाढलं. सकाळी चालायला जाऊ लागले, भात सोडला, संध्याकाळी नुसतं ताक. दोन वर्षं. काका गॅलरीत चहा घेत त्यांना गाडीतून आडवं होऊन बाहेर येताना बघायचे आणि म्हणायचे, "माणसाची तब्येत सुधारली की नाही बघा."

असा माणूस. आणि ह्या माणसानं तीस वर्षं एकच अपमान गिळून ठेवला होता.

पेडणेकर साहेब कारखान्यात त्यांचे वरिष्ठ. कुणी मोठे अधिकारी भेटीला येणार होते, तेव्हा साहेबांच्या डोक्यात आलं की एक छोटा हुबेहूब डबा टेबलावर ठेवावा. दळवी, तू कर. दळवींनी केला. तेव्हा काका-काकू चाळीतल्या एका खोलीत राहायचे. रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून आठ महिने तो वीतभर विटकरी डबा त्यांनी केला. खिडक्यांचे गज, आतली बाकं, खालची बॅटरीची पेटी, सगळं. अधिकारी आले, डबा बघून थक्क झाले. डब्यापुढे पितळी पट्टी होती, 'रचना व निर्मिती' आणि पुढे पेडणेकरांचं नाव. काका मागे भिंतीला टेकून उभे होते. अधिकाऱ्यांनी साहेबांचा हात हातात घेऊन विचारलं, इतकं बारीक काम कसं जमलं? साहेब म्हणाले, "आवड आहे."

ही 'आवड आहे' काकांनी मला निदान वीस वेळा करून दाखवली असेल. मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. साहेब निवृत्त झाले तेव्हा तो डबा निरोपाची भेट म्हणून त्यांनाच दिला गेला. काकांना पुढे निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी बाथरूममध्ये लावलं होतं.

फळीवर पेडणेकरांची वाघीण नव्हती. मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते सिक नाहीत, बाई. ते कंडम आहेत. कंडम माल फळीवर ठेवत नाहीत."

त्यांना एवढंच हवं होतं की त्या डब्यापुढे आपलं नाव यावं, आणि ते त्याच माणसाच्या नाकावर टिच्चून यावं. नुसतं नाव नको होतं. मी एकदा म्हटलं, तसाच दुसरा करा ना, आता तर हात अजून बसलाय. तर माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, माझी वाघीण परत फळीवर जाते.

आणि एका रविवारी पेडणेकर साहेब स्वतःच खोका घेऊन दारात. मी तिथेच होते, काकूंबरोबर वाल सोलत बसलेले. साहेब उंच, गोरे, सत्तरी उलटून गेली तरी ताठ. मोलकरणीनं शोकेस पुसताना डबा पाडला होता. एक बाजू फुटली, रंगाचे टवके उडाले, दोन्ही टोकांचे ब्रेकचे पाइप तुटून गेले. भाईंदरला रेल्वेच्या निवृत्तांचं स्नेहसंमेलन होतं, त्यात प्रत्येकानं आपली कला मांडायची होती.

"दळवी, तुझ्याशिवाय हे कोण करणार?" साहेब म्हणाले. "आणि हे बघ, उगाच कुठे बोलू नकोस."

"छे हो साहेब," काका म्हणाले. "बसा. चहा घ्या. दोन महिन्यांत नवा करून देतो."

इतक्या गोड आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. साहेब गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "हे गोड बोलले म्हणजे त्या माणसाचं काही खरं नाही."

दीड महिन्यानं त्यांनी मला बोलावलं. टेबलावर डबा. विटकरी रंग असा की हात लावला तर ओला लागेल असं वाटावं. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि दोन्ही टोकं दाखवली. आता हे मला जसं समजावलं तसं सांगते. जुन्या डब्यांना वॅक्यूमच्या ब्रेकसाठी टोकाला एकच जाडा पाइप असायचा, वळ्यावळ्यांचा. नंतर हवेचा, म्हणजे एअर ब्रेक आला, त्याला दोन बारीक पाइप. कुठल्याही डब्याला दोन्ही टोकांना एकच पद्धत असते, नाहीतर तो गाडीत लागणार कसा. काकांनी एका टोकाला जाडा एक लावला होता, गिटारच्या तुटक्या तारेचा, आणि दुसऱ्या टोकाला बारीक दोन, इअरफोनच्या वायरचे.

"असा डबा जगात कुठे नाही," ते म्हणाले. "कारखान्यातला झाडूवालासुद्धा लांबून हसेल. आणि ज्यानं कधी वाकून डब्याखाली बघितलं नाही, त्याला मेला तरी कळणार नाही."

"पण काका, तुमच्या हातचं काम. त्यात चूक?"

"दहा मिनिटांची चूक, बाई. सगळ्यांसमोर त्यांची फजिती झाली की मी पुढे होणार." त्यांनी खिशातून सुपारीची डबी काढली. आत बरोबर पाइप, एक चिमटा, गोंदाची छोटी ट्यूब. "सगळ्यांदेखत हे काढून हे बसवणार. मग सांगा, डबा कुणाचा."

मी काय म्हणाले ते लिहायलाच हवं. थांबा, असं करू नका, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "करा. चांगली जिरवा त्यांची." मला शाळेत एक मुख्याध्यापिका होत्या, माझे पाठ स्वतःच्या नावावर छापून घ्यायच्या. मला त्या आठवल्या. मी चेकाळलेच होते.

साहेब डबा न्यायला आले. खिडकीशी नेऊन उजेडात धरला, चमक बघितली, रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंग जरा गडद झाला का रे? असो. छान." डबा खोक्यात गेला. खाली काही त्यांनी बघितलं नाही. त्या दुपारी काकांनी दोनदा सोलकढी मागून घेतली.

संमेलनाच्या दिवशी काकू, काका आणि मी रिक्षा करून भाईंदरच्या हॉलवर गेलो. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वरच्या खिशात डबी. हॉलमध्ये दीडशे-दोनशे माणसं, सगळी रेल्वेतली. कुणाची चित्रं, कुणाचं भरतकाम, आणि मधल्या टेबलावर काचेच्या पेटीत डबा. पुढे जाड कागदावर 'रचना व निर्मिती' आणि पेडणेकरांचं नाव, खाली त्यांचा हुद्दा. साहेब बाजूला उभे राहून माहिती देत होते.

"एकेक पार्ट हातानं बसवलाय. हे ब्रेकचे पाइप बघा, ह्यांना तर चिमटा लागतो."

यादव नावाचे एक म्हातारे फिटर होते, ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले. एक टोक बघितलं. टेबलाला वळसा घालून दुसरं बघितलं. परत पहिल्याकडे आले.

"साहब," ते म्हणाले, "एक तरफ वॅक्यूम, दूसरी तरफ एअर. ये डिब्बा जाएगा किधर?"

मागचे चौघे वाकले, मग दहा. हसणं एका टोकाकडून सुरू झालं आणि हॉलभर गेलं. कुणी म्हणालं, साहेबांनी आयुष्यभर वरूनच बघितलं. साहेबांचा गोरा चेहरा मानेपासून लाल होत वर चढला. आई शप्पथ सांगते, इतका आनंद मला माझ्या निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

काका पुढे झाले. आवाज शांत होता. "साहेब, डबा तुम्ही केलात ना? मग सांगा, इंजिन कुठल्या बाजूनं जोडायचं?"

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली पाइपांकडे, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना सगळं कळलं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. चाळीस वर्षं माणसं हाताळलेला माणूस होता तो. आणि ते हसले.

"मित्रहो," ते मोठ्यानं म्हणाले, "आज खरं सांगून टाकतो. हा डबा मी केलेला नाही. हा ह्या दळवींनी केलाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकट्यानं. तेव्हा वरिष्ठाचं नाव घालायची पद्धत होती. चूक होती ती. आज दुरुस्त करतो." त्यांनी पेन काढलं, स्वतःचं नाव खोडलं आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत दळवींचं लिहिलं. "आणि हे पाइपसुद्धा ह्यांनीच बसवलेत. गेल्याच महिन्यात. काय दळवी, तुम्हीच ना?"

"हो," काका म्हणाले, "पण ते मुद्दाम..."

टाळ्यांत पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. साहेबांच्या मोठेपणाला टाळ्या होत्या त्या. दोघातिघांनी त्यांना मिठी मारली. काका गर्दीतून पेटीपर्यंत गेले, डबी उघडली, चिमटा काढला आणि काच उचलायला हात घातला. साहेबांनी काचेवर आपला पंजा ठेवला. मी हातभर अंतरावर होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"हात लावायचा नाही, दळवी. नाव तुझं, डबा माझा. निरोपाची भेट आहे ती मला. जसा आहे तसाच राहील, तुझ्या नावासकट. माझ्यानंतर कारखान्याला देणार आहे मी. लोक बघतील."

मग ते चहाच्या टेबलाकडे गेले. माणसं त्यांच्यामागून गेली. ती काच फोडावी आणि डबा पदराखाली घालून पळावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी हे केलं नाही ह्याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

काकूंनी "चला घरी" म्हणून दोनदा बाही ओढली. काका हलले नाहीत. दुपारी चारला हॉल बंद होईपर्यंत ते त्या पेटीशेजारी उभे होते, हातात उघडी डबी घेऊन. कुणी आलं की आधी नाव वाचायचं, मग वाकायचं, मग पाइपांकडे बघून हसू दाबायचं. प्रत्येकाला काका सांगत होते, "मुद्दाम केलंय. मला येतं. मुद्दाम केलंय." शेवटी वसईकडचे एक म्हातारे गार्ड आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी डबा नीट बघितला, आणि मग काकांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"होतं हो दळवी ह्या वयात," ते म्हणाले. "माझेही डोळे गेलेत."